तांब्यापातूरचं गाणं

निमगाव केतकीत आमच्या घरासमोर दगडूतात्यांची पिठाची गिरणी होती, आणि दगडूतात्या गाणं म्हणायचे. यात विशेष काही नाही. विशेष हे, की ते फक्त चक्की चालू असताना म्हणायचे. चक्की थांबली की तोंड बंद. म्हणजे गाणारा माणूस गावाला रोज दिसायचा, पण गाणं काय आहे ते आजवर कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

गिरणीत पट्ट्याची फडफड, दगडांची घरघर, वर पत्र्याचं छप्पर. शेजारच्याशी बोलायचं तर त्याचा खांदा धरून हलवावं लागायचं. त्या गोंगाटात हा माणूस भुवयांपासून मिशांपर्यंत पांढराफटक होऊन, एक हात पिठाच्या धारेखाली धरून, डोळे मिटून गात असायचा. गळ्याच्या शिरा टरारलेल्या, मान डुलतेय, आणि ऐकू काय येतंय तर घर्रर्र. कुणी म्हणायचं अभंग असेल, कुणी म्हणायचं लावणी. एक तर्क असाही होता, की तात्या बायकोला शिव्या देतात आणि शिव्यांना चाल लावलेली आहे. गावाचं बहुमत या तर्काला होतं.

मी त्या वेळी गावातल्या दूध डेअरीत फॅट काढायचो. सगळं गाव सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे संशयानं बघायचं. त्यामुळे रविवारी गिरणीत जाऊन दुसऱ्या कुणावर संशय घेणं मला फार आवडायचं. आमचं नवीन लग्न झालं होतं. बायको बारामतीची, आणि पिठाच्या बाबतीत फार कडक. "बाजरीवर गहू टाकू देऊ नका, चपात्या काळ्या होतात," असं दर रविवारी बजावून ती माझ्या हातात डबा द्यायची. हीच सूचना गावातल्या प्रत्येक बाईनं प्रत्येक नवऱ्याला दिलेली असायची. त्यामुळे गिरणीत बाजरीवाल्यांना कुणी जवळ उभं करायचं नाही.

तात्यांचा कायदा एकच. "हितं नंबरानं हाय. डबा कुणाचा का आसंना, डब्याला पाय न्हाईत." आणि प्रश्नही एकच. "जाड का बारीक?" हा प्रश्न विचारून विचारून तात्यांच्या डोक्यात जगाचे दोनच भाग उरले होते. पाऊस कसा पडेल असं विचारलं तर म्हणायचे, "औंदा बारीक." कुणाच्या पोरीला स्थळ आलं आणि तात्यांना मुलाबद्दल विचारलं, तर डोळे मिटून सांगायचे, "जाड दळलाय. पन भाकरी मोडायची न्हाय." ते लग्न जमलं आणि टिकलंही. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तात्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सायेब, तुमी भरडा. आजून एकदा काढाय पायजे." माझ्या बायकोला हे इतकं पटलं, की पुढं घरात माझं नावच भरडा पडलं.

तात्यांचं घर गिरणीला लागूनच. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे सोनाकाकी, म्हणजे तात्यांची बायको. आता ऐका. सोनाकाकी स्वतःचं दळण पेठेतल्या दुसऱ्या गिरणीत न्यायच्या. घरात गिरणी, घरधनी गिरणीवाला, आणि बाई डोक्यावर पाटी घेऊन नवऱ्याच्या दारावरून ताठ मानेनं पेठेत चालल्यात. अख्ख्या इंदापूर तालुक्यात असली दुसरी बाई नसेल. तात्यांना विचारलं तर म्हणायचे, "तिला तितलं बारीक आवडतं." आणि चक्की सुरू करायचे, म्हणजे पुढचं विचारायची सोय नाही.

काकींचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा दांडका. वीतभर लांबीचा, चांगला जाडजूड, तेल लावून लावून काळाभोर झालेला. चुलीशेजारच्या भिंतीला टांगलेला असायचा. कुत्रं आलं, मांजर आलं, चहाची वेळ साधून शेजारीण आली, की काकींचा हात आधी त्या दांडक्याकडे जायचा. मारलेला कुणी बघितला नव्हता, पण गरजही पडली नव्हती. तात्या मला म्हणाले होते, "त्याच्याकडं बगत जाऊ नका. मी बी बगत न्हाय." नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे ते कामापुरतं. जेवा. जेवलो. शेरडं बांधा. बांधली. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. भांडायला निदान दोन वाक्यं लागतात.

मग एका वैशाखात पट्टा तुटला.

ऐन लग्नसराई होती. गिरणीत डब्यांची रांग दाराबाहेर गेलेली, आणि तात्या रंगात आलेले. फाट् करून पट्टा तुटला आणि भिंतीवर जाऊन आदळला. दगड एक-दोन वेढे घेऊन थांबले. मोटर नुसती भुणभुणत राहिली. पण तात्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे तोंडाला बातमी जरा उशिरा पोचली. त्या शांततेत आम्हा सगळ्यांना तात्यांचं गाणं ऐकू आलं.

"हिरीवर उभी ऱ्हाते, घागर भरंना,
गेला त्यो येईना, जीव माझा मरंना..."

आवाज रेड्याचा. त्याबद्दल दुमत नाही. पण चाल बाईची होती, जात्यावर बसून म्हणतात तशी, ओळीच्या शेवटाला हेल काढत. पांढऱ्या मिशांचा तो दांडगा माणूस विहिरीवर घागर घेऊन उभ्या असलेल्या पोरीचं गाणं म्हणत होता. तात्यांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी रांगच हसायला लागली. मीही हसलो. का हसू नये? वर्षानुवर्षं गाव शिव्यांची वाट बघत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडं पडलं. सोनाकाकी गिरणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात दांडका. या बाईनं गिरणीच्या उंबऱ्याला कधी पाय लावला नव्हता हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे हसू तिथंच थांबलं. आत त्या आल्याच नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, "म्हना की फुडचं."

तात्या शाळेत कविता म्हणावी तसे हात मागं घेऊन म्हणायला लागले.

"मिरगाला येतो म्हणला, आखाड आला दारी,
मेंढरं आली घाटावर, त्यो राहिला माघारी...
आला गं उन्हाचा, वाटसरू होऊन,
पानी मागतो मला, नाव माझं गिळून...
हिरवा चुडा हातात, तांब्या दिला वाकून,
पानी पितो राजा, डोळं माझ्यावर रोखून..."

आणि थांबले.

"फुडं?" काकी म्हणाल्या.

"फुडचं येत न्हाय."

"का येत न्हाय?"

"तांब्यापातूर आलं की माझा डोळा लागायचा."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे नीट बघितलं, कामापुरतं नाही. मग दांडका घेऊन घरात निघून गेल्या.

दुपारी पट्टा सांधायला तात्यांना कुणीतरी दुसरं टोक धरायला हवं होतं. माझा डबा अडकलेला, म्हणून मी धरलं. आणि पट्टा सांधता सांधता तात्यांनी सगळं सांगितलं.

काकींचं माहेर मोरगावच्या पलीकडचं. माणसं मेंढरंवाली. दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाखाली कोकणात जायची, आणि मिरगाच्या आधी परत यायची. गाणं तिकडचंच, काकींच्या आईचं. कोकणात गेलेला एक जण वेळेवर परत आला नाही, तोवर पोरीचं लग्न लावून दिलं, मग तो आला आणि तिच्याच विहिरीवर पाणी मागायला उभा राहिला, असं ते गाणं. लग्नात काकींच्या भावानं बैलगाडीत घालून जातं आणलं होतं. त्या जात्यावर काकी पहाटे दळायच्या आणि हे गाणं म्हणायच्या.

"मी वाकळंत पडून ऐकायचो," तात्या म्हणाले. "लई झ्याक म्हणायची. पन जात्याचा आवाज आन् तिचा आवाज एक झाला की झोपच यायची वो. रोज ठरवायचो, आज शेवटपातूर जागायचं. आन् तांब्या आला की मी गार."

"मग विचारायचं ना, पुढं काय झालं म्हणून."

"इचारायचं काय त्यात? म्हणलं, उद्या म्हणंल की. रोजच म्हणतीया."

मग गावात लाईट आली आणि तात्यांनी गिरणी घेतली. का घेतली? तर बायकोला पहाटे उठून दळायला लागू नये म्हणून. त्यांची तर खात्री होती, की काकी खूश होऊन नाचतील. काकी तेव्हा बहिणीच्या लग्नाला माहेरी गेलेल्या. त्या यायच्या आत गिरणी सुरू करून चकित करायचं, असा बेत. पण चक्की सुरू केली की जागेवर नाचायला लागायची. इंदापूरचा फिटर म्हणाला, खाली जड दगड घालून सिमेंटचा कट्टा करा, त्याशिवाय ही बसायची नाही. फिटरला परत जायची घाई. एवढे जड दगड आयत्या वेळी कुठून आणायचे? तात्यांना घरात दोन दगड दिसले. चांगले गोल, घडीव, जड.

"तात्या," मी पट्टा सोडला. "जातं घातलं तुम्ही खाली?"

"म्हणलं, आता त्याचं काय काम हाय? गिरणी आली की."

ज्या जात्याला लोक हळदकुंकू वाहतात, लग्नाची हळद ज्याच्यावर दळतात, चुकून पाय लागला तर नमस्कार करतात, ते जातं, तेही बायकोच्या माहेरचं, या माणसानं सिमेंटमध्ये गाडलं आणि वर मोटर बसवली. आणि बायको आल्यावर दारातूनच हसत हसत दाखवलं. काकी पाटी घेऊन पेठेत गेल्या. पुढं लेकीच्या लग्नात हळद दळायला शेजारचं जातं मागून आणलं, बाकीच्या बायका गायल्या, काकी गप्प बसल्या.

"तवापासनं म्हणली न्हाय," तात्या म्हणाले. "मंग मीच म्हणतो. जेवढं येतं तेवढं. चक्कीच्या आवाजात तिला ऐकू जायचं न्हाय म्हणून बिनघोर मोठ्यानं म्हणतो. सायेब, आमा दोगातलं कोनतरी आदी जानारच. मी गेलो तर झोपीन निवांत. पन ती आदी गेली तर त्या पोराचं काय झालं ते मला कोन सांगनार? मला ते तिच्याच तोंडनं ऐकायचं हाय."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि गालावरच्या पिठाचा लगदा झाला. मला वाईट वाटलं, आणि हसूही आलं. दोन्ही लपवायला मी पट्ट्याचं टोक परत धरलं.

गाणं उघडं पडलं ते पडलंच. आता रांगेतला जो तो तात्यांना शेवट पुरवायला लागला. ट्रॅक्टरवाला बाळू म्हणाला, त्यानं तिला पळवून नेली. पोस्टमन म्हणाला, तिच्या नवऱ्यानं बघितलं आणि याला विहिरीत ढकललं. माझ्या बायकोनं निरोप पाठवला, की तिनं उरलेलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं असणार, आणि बरोबर केलं. तात्या प्रत्येक शेवट ऐकून घ्यायचे, जरा चघळायचे, आणि म्हणायचे, "जाड झालं." मोरगावला एसटीनं जाऊन काकींच्या माहेरच्या म्हाताऱ्यांनाही विचारून आले. एकीनं चहा दिला आणि म्हणाली, "जाती गेली तशी गानी बी गेली, पाव्हणं. तुमा गिरणीवाल्यांनीच खाल्ली की. आता आमाला काय इचारता?"

शेवटी एकदा हिंमत करून त्यांनी काकींनाच विचारलं. काकी म्हणाल्या, "जात्याबिगर म्हणायचं नस्तं. गानं काय च्या हाय व्हय, बसल्या जागी वतून द्यायला?" चौकातल्या कॅसेटवाल्याला हे कळलं. काकींचं गाणं टेपवर घ्यायचं, असं ठरवून तो टेपरेकॉर्डर घेऊन घरात गेला. काकींनी नुसता दांडका खाली काढला. तो चपला न घालता बाहेर आला, आणि चपला मागायलाही परत गेला नाही.

पुढच्या रविवारी मी डबा घेऊन गेलो, तर मोटर अंगणात पडलेली. चक्की कडुनिंबाला टेकवून ठेवलेली. रांगेतली माणसं दाराबाहेर डबे घेऊन शिव्या देत होती, या वेळी खऱ्या, आणि चाल न लावता. आत तात्या पहार घेऊन कट्टा फोडत होते. लग्नसराईत गिरणी बंद म्हणजे गावाचा रोष. ट्रॅक्टरवाल्या बाळूच्या घरी मांडव पडलेला. तो म्हणाला, "तात्या, याड लागलं का? आवसंला गिरणी बंदच आस्ती, तवा फोडा की."

"नंबरानं हाय," तात्या म्हणाले. "हिचा नंबर लई दिस झालं लागलाय."

सगळे पेठेत गेले. मी नाही गेलो. बिनदळलेला डबा घरी न्यायची भीती मला होती, पण इथनं हलवेना. तात्या या वयात घाव घालत होते आणि प्रत्येक घावाला दम खात होते. मी पहार मागितली तर दिली नाही. दिवस कलायला आला तेव्हा सिमेंट सुटलं आणि दोन्ही दगड निघाले. वरचा शाबूत, पण दाणे टाकायचं तोंड आणि खुंट्याचं भोक सिमेंटनं बुजलेलं. तात्या मांडी घालून खिळ्यानं ते टोकरत बसले, दातात अडकलेलं काढावं तसं.

सोनाकाकी दारात आल्या. जात्याच्या खालच्या दगडाकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "तळी उलटी घातली व्हती व्हय?"

"असंल. घाईत व्हतो."

"गाडायचं तर सरळ तरी गाडायचं."

आणि त्यांनी उंबरा ओलांडला. आत आल्या. पदरानं दोन्ही दगड पुसले, वरच्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि हातातला दांडका त्या मोकळ्या झालेल्या भोकात बसवला. तो चपखल बसला. इतकी वर्षं कुत्र्या-मांजरांना, शेजारणींना आणि मला ज्याचा धाक होता, तो त्या जात्याचा खुंटा होता. काकींनी त्याला आजपर्यंत तेल लावलं होतं. तात्या खुंट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, मला मारायला ठिवलाय."

"त्ये बी व्हतंच," काकी म्हणाल्या.

जातं गिरणीतच मांडलं, कट्ट्याच्या ढिगाऱ्याशेजारी. जवळ धान्य होतं ते माझ्याच डब्यातलं, तेव्हा पहिली मूठ आमच्या गव्हाची पडली. काकी एका बाजूला, तात्या समोर, खुंट्यावर दोघांचा हात. मी डब्यावर बसलो. दगड आधी खरखरले, मग बोलायला लागले. आणि काकींनी गाणं सुरू केलं.

म्हातारा आवाज, चिरलेला, पण ती चाल. तात्यांच्या तोंडी ज्या गाण्याला आम्ही हसलो होतो तेच हे गाणं होतं, आणि आता मला हसता येईना. मिरीग झाला, आखाड आला. मेंढरं घाटावर आली. वाटसरू उन्हाचा आला. तात्या काकींच्या तोंडाकडे बघत होते. दिवसभर पहार चालवलेली, तरी खुंटा सोडला नव्हता. तिनं वाकून तांब्या दिला. तो डोळे रोखून पाणी प्यायला लागला.

तात्यांची मान हळूच छातीवर आली. हात खुंट्यावर तसाच, काकींच्या हाताबरोबर गोल फिरत होता, पण माणूस झोपला होता. मी उठून त्यांना हलवणार, तर काकींनी मान हलवून मला बसवलं. आणि न थांबता शेवटची ओवी म्हणाल्या. जराशा हळू, पण पूर्ण.

"रिता झाला तांब्या, आता लाग तुझ्या वाटंला,
उशीर केलास राजा, पर आलास रं भेटंला..."

जातं थांबलं. तात्या घोरायला लागले होते. काकी त्यांच्याकडे बघत बसल्या. मिशांवरचं पीठ श्वासानं हलत होतं, ते त्यांनी बोटानं पुसलं. मग मला म्हणाल्या, "बगा. तांब्यापातूरच."

"उठवू का?"

"नगं. आन् तुमी बी सांगू नगा त्यास्नी. मी उद्या परत म्हणीन."

मी अर्धवट दळलेला डबा उचलून घरी आलो. त्या पिठाच्या चपात्या जमल्या नाहीत. बायकोला सगळं सांगितल्यावर तिनं त्यातलीच आणखी एक वाढून घेतली, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दुधाची रांग लागलेली असताना दगडूतात्या आले. त्यांना डेअरीत काही काम नव्हतं, म्हैस नव्हती, शेरडाचं दूध कुणी घालत नाही. खांद्यावर टॉवेल, डोळे झोपेनं सुजलेले. मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "सायेब, काल तुमी शेवटपातूर व्हता न्हवं? काय झालं वो त्या पोराचं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. धुतलेलं तोंड, पहिल्यांदाच बिनपिठाच्या भुवया, त्या काळ्या निघाल्या.

"काय सांगू, तात्या," मी म्हणालो. "तांब्यापर्यंत आलं आणि माझाही डोळा लागला."

तात्या खूश झाले. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "लागतोच. गानंच तसलं हाय." आणि मग, जायला वळता वळता, "आज पहाटं परत म्हणली. तवा बी लागला."